गावाकडे तोंड करून

जानेवारीतल्या पहाटे, उत्तर सरहद्दीजवळच्या इंजेच्या डोंगरात, उघड्या अंगानं धावायचं म्हणजे काय ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. ज्यानं केलंय तो ऐकायला थांबत नाही. आमच्या कंपनीत एकशे चार पोरं होती, सगळी सक्तीच्या लष्करी भरतीची, सगळी घरी जायचे दिवस मोजणारी. बिगूल वाजला की बनियन काढायचं, बर्फावर रांगा धरायच्या, हातपाय झाडायची कवायत करायची आणि गोठलेल्या ओढ्यापर्यंत पळत जाऊन परत यायचं. पारा उणे पंधराच्या खाली गेला तरच बनियन ठेवायची मुभा होती, आणि आमच्या सुभेदार बांगसाहेबांचा थर्मामीटर उणे चौदाच्या खाली कधी उतरलाच नाही.

सगळ्यात शेवटी हुकूम यायचा, "गावाकडे तोंड करा!" ज्याचं गाव जिकडे, तिकडे त्यानं वळायचं आणि घरच्यांची खुशाली विचारायची, सगळ्यांनी एकदम, बेंबीच्या देठापासून ओरडून. आवाज पडला तर ओढ्यापर्यंत आणखी एक फेरी.

त्या जादा फेरीपासून आम्हाला वाचवायचा प्यो दोक-सू. हा जोंगसनचा, खाणींच्या मुलखातला, अंगानं अगदी काटकुळा. आईबाप लहानपणीच गेले. आईच्या आईनं मक्याचा भात आणि वाळवलेल्या मुळ्याच्या पाल्याचं सूप घालून त्याला वाढवलं. म्हातारी जवळजवळ बहिरी होती, त्यामुळे तिच्याशी बोलून बोलून याचा आवाजच तसा झाला होता. दक्षिणेकडे वळून तो ओरडायचा, "आजीऽऽ, झोप लागली का गं नीट?" आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजायची.

"अरे हळू, उठून इथं येईल ती," पोरं म्हणायची.

"येऊ दे की. येताना सूप आणेल. तुमच्या वाटचं मी पिईन."

मी कंपनीच्या ऑफिसात कारकुनी करायचो. अक्षर बरं होतं, एवढीच लायकी. सकाळची कवायत मलाही चुकत नव्हती, पण पुढे दिवसभर शेगडीजवळ बसायला मिळायचं, म्हणून माझं नाव शेगडीदादा पडलं होतं.

त्या शनिवारी कर्नलसाहेब आमची सकाळची कवायत बघायला येणार होते. आणि गुरुवारी दुपारी दोक-सूच्या नावानं तार आली. गावप्रमुखानं पाठवलेली. आजी वारल्या, शनिवारी दुपारी माती, दोक-सूला पाठवा.

बांगसाहेबांनी ती दोनदा वाचली.

"आईची आई ना?"

"हो साहेब. पण त्याला दुसरं कोणीच नाही."

"आईची आई रजेच्या नियमात बसत नाही." मग त्यांनी शेगडीवर हात शेकले. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. "शनिवारी हा पोरगा नसला तर बाकीचे तुम्ही नुसत्या कुडकुडणाऱ्या कोंबड्या. परेड झाली की मी स्वतः सोडतो त्याला. तोवर तू गप्प."

"पण साहेब, माती शनिवारीच आहे."

"तुझा रजेचा कागद कुठाय रे? माझी सही व्हायचीय ना त्यावर?"

"ड्रॉवरमध्ये आहे, साहेब."

"मग ही तारही तिथंच ठेव."

मी ठेवली. मला कोणी मारलं नव्हतं, कोणी गळा धरला नव्हता. चौदा महिने मी घर बघितलं नव्हतं आणि मला जायचं होतं, बस. माझ्या टेबलापासून दोक-सूच्या खोलीपर्यंत चाळीस पावलंसुद्धा नव्हती. तेव्हाच सांगितलं असतं तर शुक्रवारी अंधार पडायच्या आत तो आजीजवळ पोचला असता.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या मागच्याच रांगेत होतो. उघड्या पाठीतून त्याची हाडं दिसत होती, अंगातून वाफ निघत होती. हुकूम झाला, तो वळला आणि ओरडला, "आजीऽऽ, झोप लागली का गं नीट?"

संध्याकाळी तो ऑफिसात आला. "शेगडीदादा, एखादं पाकीट आहे का? आजीला पत्र टाकतो. शेजारीण तिला ओरडून वाचून दाखवते."

मी पाकीट काढून दिलं. ते त्याच ड्रॉवरमध्ये होतं.

शनिवारी कर्नलसाहेब खूश झाले. "हा कोण रे?" म्हणून त्यांनी दोक-सूला पुढे बोलावलं, त्याच्या उघड्या खांद्यावर थाप मारली. तो लाजून हसला. ते गेले तशी बांगसाहेबांनी माझ्या कागदावर सही केली आणि मग त्याला बोलावून तार दिली.

त्यानं ती वाचली. शिक्क्यावर बोट ठेवलं. "गुरुवारची आहे."

"इथं टपाल उशिरा पोचतं," बांगसाहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्ताच आली रे," मी म्हणालो.

आणि त्यानं कमरेत वाकून मला नमस्कार केला. लगेच दिलीत, म्हणाला.

तो गावात पोचला तेव्हा दिवस मावळत होता. गावकरी थांबले होते म्हणे, पण शेकोट्या पेटवून मऊ केलेली जमीन पुन्हा गोठायला लागली, तेव्हा त्यांनी नाइलाजानं माती लोटली. शोक करायला घरचं एकही माणूस नव्हतं.

मंगळवारी तो रांगेत परत उभा होता. हुकूम झाला, आम्ही सगळे वळलो. तो तिथंच, समोर तोंड करून.

"प्यो! गाव विसरलास काय?"

"नाही साहेब. कुणीकडे वळू ते सांगा, वळतो."

आम्ही बाकीचे ओरडलो, आवाज पडला, जादा फेरी लागली. पळता पळता पोरांनी दोक-सूला शिव्या घातल्या. त्यांच्याबरोबर मीही घातल्या. सुटेपर्यंत तो एकदाही ओरडला नाही, आणि आम्ही रोज दोन फेऱ्या पळत राहिलो.

या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली. ती तार माझ्या छातीवरून उठली नाही. गेल्या हिवाळ्यात बायकोला काहीतरी थाप मारून मी जोंगसनला गेलो. खाणी कधीच बंद पडल्यात. दोक-सू त्याच घरात राहतो. त्यानं मला दारातच ओळखलं. "शेगडीदादा!" म्हणून केवढ्यानं ओरडला! घरात ओढून नेलं, बायकोला सूप वाढायला लावलं. तेच, मुळ्याच्या पाल्याचं.

बायको आत गेल्यावर मी खाली मान घालून, हळू आवाजात म्हणालो, "दोक-सू, ती तार गुरुवारीच आली होती. माझ्याकडेच होती."

त्यानं कानामागे हात धरला. "जोरात बोला, दादा. खाणीतल्या ड्रिलनं दोन्ही कान खाल्ले. आजीसारखाच झालोय मी आता. ओरडल्याशिवाय काही कळत नाही."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. मी तोंड उघडलं, छातीत श्वास भरून घेतला.

"सूप छान झालंय!" मी ओरडलो, बेंबीच्या देठापासून.

"मग घ्या की अजून," तो म्हणाला आणि माझा वाडगा काठोकाठ भरला.