मोजणीदार काकांचे सात डबे

मोजणीदार काका अख्खं गाणं कधीच म्हणायचे नाहीत. फक्त खालचा सूर धरायचे, तोही बिनशब्दांचा. डूम, डूम, डूम. धारूरच्या बाजारातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन ते असे घुमायला लागले की गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. एकदा मी म्हटलं, "काका, वरचं पण म्हणा की." तर म्हणाले, "वरचं म्हननारे लई हायत, ताई. खालून धरनारा कुनी न्हाई."

त्यांची सगळी नोकरी लोकांचे बांध मोजण्यात गेली. तरुणपणी जुन्या बाजारातून त्यांनी कव्हर नसलेली एक कॅसेट आणली होती. रॉक अँड रोल नुकतं सुरू झालं तेव्हाची अमेरिकेतली पोरं त्यात गात होती. चार-पाच जण रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहायचे आणि वाद्यांचं काम गळ्यानंच करायचे. काकांना इंग्रजी बेताचंच, पण कॅसेट पाठ. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या मुलीनं मोबाईलवर कॅसेटमधल्या सातही गटांची नावं शोधून दिली. काकांनी ती कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाले, "तीस वर्सं ऐकलं आन् नावं ठावं नव्हती. हे बरं न्हाई."

मुलीनंच त्यांना तो खेळ दाखवला. कुठंतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. अनोळखी माणसांनी शोधत यायचं, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून जायचं. मोजणीच्या माणसाला हे फार आवडलं. धारूरच्या किल्ल्यापलीकडच्या डोंगरवाटेवर त्यांनी सात डबे ठेवले, एकेका गटाच्या नावाचा एकेक. नावांच्या चिठ्ठ्या मी लॅमिनेट करून द्यायची. अक्षर चुकलं की परत करायला लावायचे. म्हणायचे, "सातबाऱ्यावर नाव चुकलं की काय होतं, म्या बगितलंय."

चार महिने कोणी फिरकलं नाही. काका दर सोमवारी डोंगरात जायचे, वह्या कोऱ्याच असायच्या. मग एक दिवस डोंगराखालच्या गावच्या सरपंचांचा दुकानात फोन आला. चिठ्ठीमागे माझ्या दुकानाचा शिक्का होता, फोन नंबरासकट. शेळ्या राखणाऱ्या कोंडाबाईला कपारीत डबा सापडला होता. गावात कोणी गुप्तधन म्हणत होतं, कोणी करणी. काकांना घेऊन मी गेले.

पारावर माणसं जमली होती. डबा मधोमध ठेवलेला, हात कोणी लावेना. काकांनी सगळं नीट सांगितलं. सरपंच म्हणाले, "पन काका, परदेशातल्या गानाऱ्यांचे डबे आमच्या डोंगरात कावून?"

"हितं त्यांचं नाव घेनारा मी एकटाच हाय," काका म्हणाले. "मी गेल्यावर कुनी घ्यावं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काडा बे ते डबे समदे." काकांनी वाद घातला नाही. ते डबा उचलायला खाली वाकले.

"थांबा," कोंडाबाई म्हणाली. "ज्याला सापडल त्यानं नाव लिवायचं, असंच सांगितलं न्हवं तुमी? मग मला सापडलाय."

तिनं वही मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि दाबून दाबून आपलं नाव लिहिलं. काका त्या पानाकडे बघत राहिले. सरपंचही वाकून बघून आले. "ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "फुडच्या बारीला आदी सांगत जा."

तिथून पुढं कोंडाबाई शेळ्यांमागे जाताना सातही डबे बघून यायची आणि काकांना निरोप धाडायची. हळूहळू माणसं येऊ लागली. लातूरची आली, संभाजीनगरची आली, एकदा जर्मनीचं एक जोडपं आलं. काका त्यांना भाषेवाचून वाट समजावत होते आणि ती दोघं समजून घेत होती.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. डबे काढून घ्यावेत का, असं त्यांच्या मुलीनं विचारलं. मी नको म्हटलं. इंटरनेटवरचं त्यांचं खातं आता मीच बघते.

मागच्या महिन्यात नांदेडहून दोन मुली दुकानात आल्या. काका कुठं भेटतील, म्हणून विचारू लागल्या. काका गेल्याचं मी सांगितलं. मग एकीनं चाचरत विचारलं, "डबे आहेत का अजून?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.