बंद दाराआडचं जातं

हळकुंडाचा उग्र वास आला की मला शिंदखेड्यातला आमच्या घरचा तो पुतणीच्या लग्नाचा मांडव आठवतो. गावात तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. एका मोठ्या तापानंतर बायकोच्या अंगातलं बळ गेलं, ते परत आलंच नाही. एक घागर आणली की दुसऱ्या दिवशी तिला उठवत नसे. म्हणून पहाटे दार लावून ज्वारी मी दळायचो. शेजाऱ्यांना वाटे, तीच दळते. खरं ठाऊक होतं फक्त माझ्या सख्ख्या बहिणीला. खुंटा कसा धरायचा, तेही तिनंच शिकवलेलं. मांडवात हळद दळायला बायकोला हाक आली, तशी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, “हिले काय येस? दयन तं मन्हा भाऊ दयस!” घरात दळण भाऊ दळतो म्हटल्यावर मांडवभर हशा पिकला. बायको उठली, जात्याला बसली आणि लग्नाची सगळी हळद एकटीनं दळली. त्यानंतर पावसाळा सरला, तरी तिला उठून बसायलासुद्धा माझा हात लागे. “गंमत केली रे भाऊ,” बहीण म्हणाली. अजून दर भाऊबीजेला ती येते, मला ओवाळते, मीही ताटात ओवाळणी टाकतो, पण करंडा घेऊन आत वहिनीला हळदकुंकू लावायला निघाली की म्हणतो, “ठेव तो इथंच. मी लावतो.”