बाबांच्या जागेवरचा बल्ब

बाबा गेले तेव्हा मी रडलो नाही. काऊन, ते आजही सांगता येत नाही. आत सगळं बधिर होतं. लोक येत, "मोकळा हो गा," म्हणत. मी "हो" म्हणायचो आणि सतरंजी पुढे सरकवायचो.

आमचा धंदा कोशाचा. घरामागे येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं, त्यांवर टसर रेशमाच्या अळ्या. बियाण्याचे कोसे मधल्या खोलीत माळा करून टांगायचे. पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी त्यांतून पंजाएवढी फुलपाखरं निघतात. नर-मादी जुळली तर अंडी, आणि अंडी असली तर वर्षभराचं पोट. त्या दिवसांत बाबा खोलीत काडीही ओढू देत नसत. म्हणायचे, "उजेड दिसला का नर बायको इसरते, बाप्पा! मोबाईल दिसला का तुह्यं होते तसंच." मग अंधारात दाराशी बसून ऐकत राहायचे. फडफड थांबली की खोकून म्हणायचे, "जमलं गा."

त्याच दिवसांत, त्याच खोलीत ते गेले. माणूस गेला त्या जागी दहा दिवस दिवा विझू द्यायचा नाही, ही आमची रीत. वाऱ्यानं दिवा सारखा विझायचा. मी अक्कल पाजळली आणि तिथं बल्ब लावला.

सकाळी बल्बखाली फाटक्या पंखांचे नर पडलेले. माद्या आपापल्या कोशाला एकट्याच लटकलेल्या. त्यांची अंडी आता फुकट. मी खराटा घेऊन नर लोटून काढले. वाईटसुद्धा वाटलं नाही.

भेटायला आलेले रेशमाच्या हापिसातले साहेब म्हणाले, "ते उजेडावर भाळत नाहीत. रात्रीही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. बल्ब असला की त्यालाच आभाळ समजतात. मग वर कुठं, खाली कुठं कळत नाही, फिरत राहतात."

मी मान हलवली. माझंही तेच चाललं होतं.

अर्ध्या माळा उरल्या होत्या. संध्याकाळी त्या कोशांची तोंडं ओली व्हायला लागली, म्हणजे आता फुलपाखरं निघणार. मी बटणापाशी उभा. बल्ब बंद केला तर बाबांचा दिवा जातो, ठेवला तर बाबांचं बियाणं.

"काय पाहून राह्यला? इझव," माय म्हणाली.

"दहा दिवस झाले नाई ना, माय."

"तुहा बाप असता तर शिव्या देल्या असत्या मले, इथी उजेड केला म्हणून!" आणि तिनंच बटण दाबलं.

अंधारात पंख बराच वेळ फडफडले. मग थांबले. मी दाराकडे कान लावून बसलो. कुणी खोकलं नाही.

तेव्हा कुठं मला रडू फुटलं.