थंड व्हायला ठेवलेलं तेल

मिरची देठासकट धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, मगच देठ काढायची. आधी काढलं तर आत पाणी शिरतं, दीपमाला म्हणायची. फोन खांद्यानं कानाशी दाबून गाजरं चिरायची. वाक्य अर्धं टाकून परसात जायची आणि आल्यावर बरोबर तिथूनच पुढं बोलायची. बरणीत कुणी ओला चमचा घातला की तिला दुसऱ्या खोलीत कळायचं. कढईला लागलेला मसाला भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची. तेवढंच तिच्या वाटचं लोणचं.

शेजारच्या प्रियाला हे सगळं पाठ होतं. प्रिया मराठीत एम.ए. झालेली, नोकरी शोधत घरीच होती. दुपारी ती दीपमालाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून कादंबरी वाचून दाखवायची. दीपमाला ऐकता ऐकता मध्येच विचारायची, "मंग ती जेवली का न्हाई?" पुस्तकातल्या बायका जेवत का नाहीत, हा तिचा कायमचा प्रश्न होता.

बदनापूरच्या त्या घरात सकाळी कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसायचा. नवरा भारत पहाटेच्या गाडीनं जालन्याला कामावर. सासू कौसल्याबाई अंगणवाडीत. दीर सुमित कॉलेजला. भाजी शिजेपर्यंत कुणी थांबत नसे. पोळी आणि लोणचं घेऊन डबे बाहेर पडायचे. म्हणून परसातल्या दोन वाफ्यांतलं जे निघेल, ते दीपमाला बरणीत भरायची. मिरच्या, गाजर, मुळा, फ्लॉवर. प्रत्येकाची बरणी वेगळी. तोंडाला ज्याच्या त्याच्या जुन्या कपड्याचं फडकं. कौसल्याबाईंचं हिरव्या लुगड्याचं, सुमितचं शाळेच्या निळ्या शर्टाचं. तिच्या स्वतःच्या कपड्याचं फडकं कुठल्याच बरणीला नव्हतं.

दिवाळीनंतर सुमितला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी निघायचं ठरलं.

"वहिनी, पुण्यात सगळं मिळतं," तो म्हणाला.

"मिळू द्या की. पहिल्या रात्री रूमवर कोण वाढणारंय तुम्हाला? बरणी न्यायची म्हणजे न्यायची, भाऊजी."

तिनं मोठी बरणी काढली. भाज्या चिरल्या. मीठ-हळद लावून झाली आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी प्रियाला ती गच्चीच्या जिन्यात भेटली. डोक्यावर भाजीचं ताट, एक हात भिंतीला. अंग लाल झालेलं.

"दीपा, चल दवाखान्यात."

"मीठ लागलंय गं. आता ऊन दाखवलं न्हाई तर सडून जाईल सगळं."

"सडू दे!"

"सुमितला काय देऊ, तुझी कादंबरी?" ती हसली आणि पायरीवर बसली. "गोळी घेतली ना. सोमवारी त्याला गाडीत बसवते, मंग बिलकुल तू म्हणशील तिथं येते."

घरात तिनं कणकण आहे एवढंच सांगितलं. त्या दिवसांत निम्म्या गल्लीला ताप होता. गोळीनं उतरत होता, लोक उठत होते. भारतनं कपाळाला हात लावून पाहिला. गोळीमुळं तेव्हा कपाळ गार होतं.

रविवारी दुपारी तिनं भाजी बरणीत भरली. मोहरीची डाळ, मेथी, तिखट, लिंबाचा रस. वर तेलासाठी बोटभर जागा सोडली. मग तेल तापवलं, हिंग घातला, गॅस बंद केला. गरम ओतलं तर मसाला करपतो, भाजी मऊ पडते. तेल पूर्ण थंड होऊ द्यावं लागतं. तिनं कढईवर ताट झाकलं.

"आत्याबाई, जरा पडते. थंड झालं की ओतते."

संध्याकाळी कौसल्याबाई उठवायला गेल्या. ती उठली नाही.

जालन्याच्या दवाखान्यात म्हणाले, डेंग्यू, पेशी फार कमी झाल्यात, संभाजीनगरला न्या. तिथं दुसऱ्या दिवशी ती गेली. तीस वर्षांचीही नव्हती.

घरी सगळं उरकलं. बुद्धवंदना झाली. पाहुणे पांगले. प्रिया चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी थांबली. कढई तिथंच होती, ताट झाकलेलं. शेजारी बरणी. बरणीच्या तोंडाला बांधायचं निळं फडकं कापून ठेवलेलं, त्यावर सुतळीचा तुकडा.

सुमित मागून आला. पुण्याला त्यानं फोनवर चार दिवस मागून घेतले होते. त्यानं ताट उचललं. तेलाच्या तळाशी हिंगाचा काळपट थर बसला होता.

"प्रियाताई, वरच्या फोडी सुकल्यात," तो म्हणाला. "आज ओतलं न्हाई तर बुरशी येईल ना?"

प्रियानं मान डोलावली.

त्यानं कढई दोन्ही कानांना धरून उचलली. दारात कौसल्याबाई उभ्या होत्या.

"ठेव ते."

"आई, खराब होईल. वहिनीनं माझ्यासाठी..."

"ठेव म्हणलं ना. थंड झालं की ओतते म्हणाली होती ती."

सुमितनं कढई खाली ठेवली. भारत दारापर्यंत आला, पण आत पाऊल टाकलं नाही. प्रियानं तेलात बोट बुडवून पाहिलं, दीपमाला बघायची तसं.

तेल केव्हाचंच थंड झालं होतं. बरणीत वर बोटभर जागा तशीच होती.