सात, शून्य, पाच

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पुण्याची एक कंपनी मुलाखतींसाठी नंदुरबारला आली. मी रनाळ्याची, माझी मैत्रीण कळसाडीची. पहिल्या वर्षापासून लॅबमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसायचो. दोघींच्या घरच्यांनी भेटून ठरवलं होतं, पोरींना पुण्याला पाठवायचं तर मिळूनच, एकटीला नाही. आम्ही तर तिथलं एक होस्टेलही पसंत करून ठेवलं होतं.

कंपनीच्या परीक्षेत एकच प्रोग्राम लिहायचा होता. संख्यांची एक रांग आणि एक गुणाकार दिलेला असेल. रांगेतल्या कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार तेवढा येतो, ते शोधायचं. प्रश्न वाचून हायसं वाटलं. प्रत्येक जोडी गुणून बघण्यापेक्षा सोपी युक्ती आम्हाला ठाऊक होती. गुणाकाराला हातातल्या संख्येने भागायचं आणि येणारं उत्तर आधी येऊन गेलेल्या संख्यांत आहे का, ते पाहायचं. मी भराभर लिहिलं, दोन-चार रांगा घालून पाहिल्या. जोड्या बरोबर आल्या. वेळ उरला होता, तरी पुन्हा वाचलं नाही.

तपासणाऱ्या बाईंनी माझ्यासमोरच रांग टाइप केली: सात, शून्य, पाच. गुणाकार पस्तीस. पाचापर्यंत प्रोग्राम पोचलाच नाही. शून्याने भागायला गेला आणि बंद पडला.

"शून्य आलं तर वेगळं बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "बाकी छान लिहिलंयस."

मैत्रिणीने ते वेगळं बघितलं होतं. तिची निवड झाली, माझी नाही.

स्टँडवर मी तिला म्हटलं, "तू जा. मी बोलते तुझ्या आबांशी."

"मन्हा आबा मले एकटीले धाडाव नहीत," ती म्हणाली आणि शहाद्याच्या गाडीत जाऊन बसली.

तरी मी रविवारी कळसाडीला गेले. आबांनी खाटेवर बसवलं, चहा सांगितला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, तू संगे जाती, ते धाडी देतू." मी सोबत असते तर पाठवलं असतं, एवढंच; आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी भांडले असते. मी कप ठेवून उठले.

आता मी शहाद्याला एका कॉलेजात संगणक शिकवते. ती लग्न होऊन नवापूरला गेली. सासरच्या पोल्ट्रीचं सगळं काम तीच बघते. मागच्या हिवाळ्यात एका लग्नात भेटली. जेवणं झाल्यावर मी न राहवून तो विषय काढला.

"आजून तोच शून्य धरी बशेल शे का तू?" ती हसून म्हणाली. मग पदराशी चाळा करत तिने विचारलं,

"पुणाले गयथी का कधी?"

"एकदा. कॉलेजच्या कामाला."

"आपण जे होस्टेल पसंत करेल व्हतं, ते दखायनं का?"

मी नाही म्हटलं. त्या रस्त्याने रिक्षा चालली होती, तेव्हा मी दुसरीकडे तोंड करून बसले होते, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.