रुपयाएवढा रंग

माझ्या धाकट्या जावेला हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं तेव्हा मी तिला पेढा भरवला आणि मनात म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. मला तिचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका.

हॅम रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारी परीक्षा द्यायची, पास झालं की एक कॉलसाईन मिळतो, म्हणजे हवेतलं आपलं नाव. मग मोबाईल नाही, इंटरनेट नाही, आपला सेट आणि आपला अँटेना एवढ्यावर दूरदूरच्या माणसांशी बोलायचं. मी पुलगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. अकरा वर्षांपूर्वी ही परीक्षा दिली. पहिल्यांदा आपटले, दुसऱ्यांदा निघाले. सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात रेडिओवाली मी एकटी. लग्नाच्या पंगतीत, बारशात कोणीतरी माझ्याकडे बोट करून सांगायचंच, की ह्या वायरलेसवर बोलतात. मी "कसचं काय" म्हणायची आणि अजून कोणी विचारतंय का याची वाट बघायची.

जाऊ नाचणगावला राहते, म्हणजे आमच्या शेजारीच. दीर शेती बघतात आणि ती पिकअप भरून भाजी स्वतः वर्ध्याच्या बाजारात नेते. आमच्याकडे आली की माझ्या सेटजवळ स्टूल ओढून बसायची. "ताई, हा काटा काऊन हालते?" "ताई, तिकडचा माणूस आपल्याले कसा ऐकू येते?" मी सांगायची, थोडं चढवूनच सांगायची. एक दिवस तिनं पुस्तक मागितलं. दिलं. म्हटलं, दहावीवर शाळा सोडलेली बाई ओहमचा नियम वाचून करणार काय. बाजारात वांगी उतरवून होईपर्यंत ती गाडीत बसून पुस्तक वाचायची, हे मला परीक्षेनंतर कळलं. ती पहिल्याच फटक्यात पास झाली.

इथवर सुद्धा मी गिळलं असतं. खरी मिरची झोंबली ती सकाळच्या नेटवर. रोज सकाळी आमची मंडळी ठरलेल्या वेळेला आपापल्या सेटवर येतात आणि नागपूरकडचे एक निवृत्त गृहस्थ सगळ्यांची हजेरी घेतात, याला आम्ही नेट म्हणतो. सगळे त्यांना दादाजी म्हणतात. मी अकरा वर्षं तिथं शुद्ध, मोजून-मापून बोलत आले. कॉलसाईन, गाव, हवामान, नमस्कार. जावेनं पहिल्या दिवशी हातातला छोटा सेट तोंडाशी धरला आणि म्हणाली, "राम राम सगळ्याईले. वांगे भरून झाले, आता निंगून राह्यली. कोणाले वर्ध्यात काही काम असन तं सांगजा." सगळे हसले. महिनाभरात अशी वेळ आली की ती एक दिवस आली नाही तर माझ्याकडे चौकशी व्हायची. "बाई, तुमचा आवाज आला का दिवस सुरू झाल्यासारखं वाटते," दादाजी तिला म्हणाले. मला त्यांनी कधी हवामानापलीकडे काही विचारलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या कचेरीनं पुराची रंगीत तालीम ठरवली. नदीकाठच्या गावांत मोबाईल बंद पडले असं धरून चालायचं आणि तिथले निरोप रेडिओवरून कचेरीत आणायचे. हे जमलं तर खऱ्या पुरात आम्हा रेडिओवाल्यांना बोलावतील, नाही तर कोणी विचारणार नाही. गाडीतलं एक फिरतं केंद्र हवं होतं. गाडी अर्थातच जावेची पिकअप, आणि त्यात माईक धरून मी बसणार हे मी धरूनच चालले होते. नवी साडी काढावी की पंजाबी ड्रेस बरा, इथपर्यंत माझा विचार झाला होता.

दादाजींनी नेटवर ठरवून टाकलं. "गाडी चालवणारी अन् बोलणारी एकच असली तं बरं. मॅडम, तुम्ही कचेरीत बसा, कंट्रोल सांभाळा. तुमचा अनुभव आहे." आपल्याकडे अनुभव आहे म्हटलं की समजायचं, आता बाजूला सरका. वर आणखी म्हणाले, गाडीत सेट आणि अँटेना तुम्हीच बसवून द्या. माझा नुसता तिळपापड झाला. नवरी ती, मांडव मी घालायचा.

रविवारी स्कूटरवर हत्यारांची पिशवी घेऊन नाचणगावला गेले. जावेनं पोहे केले होते, ते खाल्ले आणि कामाला लागले. काम मला येतं, त्यात खोट नाही. बॅटरीवरून थेट दोन वायरी घेतल्या, बॅटरीजवळच फ्यूज लावले, इंजिनामागच्या पत्र्यातलं रबरी बूच भोसकून वायरी केबिनमध्ये ओढल्या. सेट डॅशबोर्डच्या खाली, तिचा हात पोचेल असा बसवला. ती शेजारी उभी राहून पाना दे म्हटलं की पाना देत होती, पेंचिस म्हटलं की पेंचिस. स्वतःहून एक अक्षर बोलत नव्हती, याचाही मला राग येत होता.

मग अँटेना. दीड फुटाहून थोडी मोठी सरळ सळई, ती काटकोनी पट्टीवर उभी करायची आणि पट्टी केबिनच्या मागच्या लोखंडी जाळीला बोल्टानं आवळायची. अशा सळईचं अर्धं काम गाडीचा पत्रा करतो. म्हणून पट्टीखालचा रंग खरवडून काढावा लागतो, उघड्या लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. याला वायरमन अर्थ लागणं म्हणतात, आणि रंगावरून अर्थ लागत नाही. मी कानस हातात घेतली तेवढ्यात दीर ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, गाडी अजून नवीच आहे. रंग नका खरवडू बरं."

रुपयाएवढी जागा लागते, तीही पट्टीखाली झाकली जाते, वरून ग्रीस लावलं की गंजत नाही. एवढं बोलायला मला दहा सेकंद लागली असती. मी जावेकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमी म्हणान तसं, ताई." मी कानस पिशवीत टाकली आणि बोल्ट रंगावरच आवळला. अँटेना नीट लागली का ते सांगणारा मीटर लावून बघितलं तर काटा दीडच्या आत राहायला हवा तो दोनाच्या पुढे जाऊन थरथरत होता. "चालते," मी म्हटलं आणि मीटर गुंडाळला. विसरले असते तर गोष्ट वेगळी. मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून नेटवर तिचा आवाज तुटायला लागला. गाडी बंद असली तर ठीक, इंजिन सुरू झालं की थरथरीनं अर्धे शब्द गायब. दादाजी विचारायचे, बाई, सेटचं काय झालं. ती सांगायची, "सेट एकदम बराबर हाये दादाजी, माह्या ताईनं बसवला. मलेच माईक धरता नाई येत." मी घरी चहा पीत ऐकायची. पहिले दोन दिवस चहा फार छान लागला, हे लिहायला लाज वाटते पण लागला. तिसऱ्या दिवशी वाटलं, ही माझं नाव घेते कशाला. चौथ्या दिवशी वाटलं, जावं आणि नीट करून यावं. पण मग तालमीच्या दिवशी सगळ्यांनी तिचीच वाहवा केली असती, म्हणून गेले नाही.

तालमीच्या दिवशी मी कचेरीत टेबलाशी बसले. मागे फळा, फळ्याशी खडू घेऊन एक साहेब. नदीकाठाहून जावेचा पहिला निरोप आला. "इथं पाण्यात अडकलेले चौ..." आणि पुढे खरखर. मी परत विचारलं. "चौ..." पुन्हा खरखर. चौदा, चौतीस, चौपन्न, चौसष्ट, मराठीत ह्या चौचं काहीही होऊ शकतं. साहेबांनी अंदाजानं फळ्यावर चौसष्ट लिहिलं आणि तीन नावा पाठवायच्या म्हणाले. मी बटण दाबून तिसऱ्यांदा विचारत होते, तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, यंत्र खराब आहे का? खऱ्या पुरात असं झालं तर?"

"यंत्र चांगलं आहे साहेब, मीच बसवलंय," मी म्हटलं. "बाई नवीन आहे. बोलायची अक्कल नाही तिला, फक्त गप्पा मारता येतात."

बोलून झाल्यावर मला सेटवरचा लाल दिवा दिसला. माझा अंगठा बटणावरच होता. मी जे बोलले ते नदीकाठी गाडीत गेलं होतं, दादाजींकडे गेलं होतं, ऐकत बसलेल्या सगळ्या मंडळींकडे गेलं होतं. मी अंगठा काढला.

मग ती सेटवर आली. तिनं इंजिन बंद केलं असावं, कारण आवाज जरा स्वच्छ होता. "ऐकलं, ताई. आकडा सुटा सुटा सांगतो. एक अन् चार. एक, चार. लिहिलं काय?" मी म्हटलं, लिहिलं. साहेबांनी चौसष्ट पुसून चौदा केलं. पुढचे सगळे निरोप तिनं इंजिन बंद करून आणि आकडे सुटे करून दिले. तालीम कशीबशी निभावली. साहेब म्हणाले, आवाज सुधारून एकदा दाखवा, मग ठरवू.

घरी न जाता मी तशीच नाचणगावला गेले. वाटेत वाक्य जुळवत होते, बोल्ट ढिला झाला असेल, कंपनानं होतं कधी कधी. ती अंगणात गाडी धूत होती. मी जाळीवर चढले आणि बोल्ट सोडला. तिनं हात पुसले, गाडीचं दार उघडून सीटखालून पॉलिश पेपर काढला आणि वर माझ्याकडे दिला. कोरा होता, घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हा कधी आणला?" मी विचारलं.

"बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पट्टीखाली रंग होता नं."

"मग तूच काऊन नाही खरवडला?"

"तुमी बसवलं होतं," ती म्हणाली. "अकरा वर्सापासूनच्या मानसाचं काम म्या सुधारलं असतं तं लोक काय म्हणले असते? म्हटलं, ताईच्या मनात येईन तवा ताईच करन."

कचेरीतलं बोलणं तिनं काढलं नाही. मी खरवडत राहिले. रंग लवकर निघाला, खालचं लोखंड पांढरं दिसायला लागलं. पट्टी लावली, बोल्ट आवळला, मीटर जोडला. इंजिन सुरू असताना काटा दीडच्या आत शांत उभा राहिला. तिनं माईक घेऊन दादाजींना हाक मारली. ते लगेच आले.

"बाई, आता एकदम साफ आवाज आहे. काय केलं तुम्ही?"

"म्या काई नाई केलं, दादाजी. ताई आली अन् ताईनं दुरुस्त केलं."

"मॅडम म्हणजे मॅडमच," दादाजी म्हणाले. "आहेत का तिथं?"

तिनं माईक माझ्यापुढे धरला. "बोला नं, ताई."

सांगायचं होतं ते सगळं ओठांवर होतं, आणि ऐकायला सगळे होते. मी माईक घेतला, बटण दाबलं आणि म्हणाले, "धन्यवाद."