पांढरं दिसलं की पुसायचं

मुलीची झाडं मारायला किड्यांना जेवढा वेळ लागला असता, त्याच्या निम्म्या वेळात मी ते काम उरकलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्याबद्दल कुणाचं उगाच चांगलं मत व्हायला नको.

मुलीला नांदेडला नोकरी लागली. तिथं एका खोलीत तिघी. झाडांना जागा नाही, म्हणून ती लातूरला आमच्या खिडकीत ठेवून गेली. झाडं म्हणजे जाड पानांची ती सक्युलेंट्स. बायको त्यांना कोरफडीची नातवंडं म्हणते. जाताना मुलीनं एक कुंडी बाजूला काढून दाखवली. निळसर, अर्धवट उमललेल्या कमळासारखं झाड. मैत्रिणीकडं गळून पडलेलं एक पान रुमालात गुंडाळून आणून तिनं तीन वर्षांत ते एवढं केलं होतं.

"बाबा, बाकीची गेली तरी चालतील. हे मला परत पाहिजे. स्वतःची खोली मिळाली की न्यायला येते."

"शेतकऱ्याच्या पोराला झाड सांभाळायला शिकवतेस?" मी म्हणालो. हे वाक्य पुढं मला घरात बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.

पाणी कमी घाला, असं ती बजावून गेली होती. पण आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, आणि नवं पाणी भरताना साठवलेलं शिळं पाणी गटारात ओतायला लातूरच्या माणसाचा हात होत नाही. ते झाडांनाच जातं. झाडं फुगली. मला वाटलं, बाळसं धरलं.

पावसाळा सरता सरता पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. पिठ्या ढेकूण. हा प्राणी मी लहानपणापासून कपाशीवर पाहिलेला. मुलीला फोन लावला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "कान कोरायच्या कापसाच्या काडीवर स्पिरिट घ्या आणि पांढरं दिसेल ते पुसून काढा."

दोन दुपारी मी खिडकीशी बसून होतो. त्या निळसर झाडाच्या तर पानापानावर पांढरं पीठ होतं. सगळं पुसलं. आतून हिरवीगार, चकचकीत पानं निघाली. पितळेचं भांडं घासल्यासारखा मी खूश होऊन मुलीला फोटो पाठवला. मग फोन आला.

"बाबा, ती त्याची स्वतःची पावडर होती."

"कुणाची?"

"झाडाची. उन्हासाठी असते. त्या पानांवर आता परत नाही यायची."

"आणि किडा?"

"किडा फोटोत आहे. डावीकडं बघा, बेचक्यात. मजेत बसलाय."

हे मला लागलं. रविवारी मी तडक गावाकडं गेलो. औशाजवळ आमचं शेत आहे, थोरला भाऊ ते बघतो. माझी हकीकत त्यानं शांतपणे ऐकली.

"किती एकर हाय मास्तर?"

"एक खिडकी."

तो शेताच्या धुऱ्यावर बसून हसला. मग तुरीवर मारून उरलेल्या औषधाची बाटली दिली. "पंधरा लिटरच्या पंपाला एक टोपण. लई टाकू नको. अन् ऊन उतरल्यावर मार."

बत्तीस वर्षं मी सातवीच्या पोरांना त्रैराशिक शिकवलं. घरी येऊन कागदावर मांडलं: पंधरा लिटरला एक टोपण, तर इस्त्रीच्या अर्ध्या लिटरच्या फवाऱ्याला टोपणाचा तिसावा भाग. उत्तर बरोबर होतं. उत्तर दहा-पंधरा थेंब होतं. ते थेंब बघून माझ्यातल्या शेतकऱ्याला हसू आलं. आमचे वडील माप टाकून झालं की "अन् हे हाताचं" म्हणत वरून एक धार सोडायचे. मीही हाताचं सोडलं. वडिलांची धार दोन एकरांत विरून जायची, माझी अर्ध्या लिटरमध्ये उतरली. ऊन उतरायची वाटही बघितली नाही, कारण बायको पोथीला गेली होती आणि पाचला परत येणार होती.

ती आली, दारातच नाकाला पदर लावला. "काय केलंत?"

"उपाय."

तिसऱ्या दिवशी पानं उकडलेल्या कांद्याच्या पाकळ्यांसारखी पारदर्शक झाली. बोट लावलं की गळायची. एक पिठ्या ढेकूण गळत्या पानावरून उतरून कुंडीच्या काठाकाठानं सावकाश निघाला होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन. खोली मिळाली, खिडकी पूर्वेची आहे, रविवारी येते.

मी नर्सरीत जाऊन तसंच एक निळसर झाड आणलं आणि तिच्या कुंडीत बसवलं. बायको मागं उभी राहून बघत होती.

"तीन वर्षं रोज तोंड बघितलंय तिनं त्याचं," ती म्हणाली. "उद्याचा जावई बदलून ठेवला तरी एखादवेळ लक्षात यायचा नाही."

मी ते उपटलं आणि जुन्या झाडाचा बोडका दांडा परत त्या कुंडीत लावला.

रविवारी मुलगी आली ती थेट खिडकीशी गेली. तिनं दांड्यावर नख ओढलं. आत बारीकशी हिरवी रेघ होती. मग कात्रीनं शेंडा कापला, भिंगातून बघितल्यासारखा डोळ्याजवळ नेला, धुतला, पुसला आणि रुमालात गुंडाळला. बाकीच्या कुंड्यांकडं वळूनही पाहिलं नाही.

"फुटेल?" मी विचारलं.

"फुटला तर सांगते. नाही फुटला तरी सांगते. तुम्ही मात्र विचारायचं नाही."

नांदेडच्या वाटेवर अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तिचा फोन आला. मी विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

याला महिना झाला. ती एक दिवसाआड फोन करते, ऑफिसचं सांगते, घरमालकिणीचं सांगते. रुमालाचं काही सांगत नाही. आज सकाळी बायकोच्या जास्वंदीच्या शेंड्याला पांढरं दिसलं. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि बायकोला हाक मारली.